रोम टोटल वॉर : मोठी शहरे पुन्हा पुन्हा बंड का करतात आणि चांगले सेनापती वाया का जातात

‘रोम : टोटल वॉर’ हा प्राचीन रोमचे साम्राज्य उभारण्याचा संगणकावरील खेळ २००४ साली आला आणि २०२१ मध्ये त्याची नव्याने घडवलेली आवृत्तीही आली, पण खेळणाऱ्यांची एक अडचण मात्र जशीच्या तशी राहिली आहे. मोहिमेची पहिली काही दशके झकास जातात, प्रांत भराभर हाती येतात, खजिना फुगतो, आणि मग एके दिवशी एखाद्या मोठ्या शहराची मनःस्थिती दाखवणारा चेहरा लाल होतो. शिबंदी वाढवली की तो पिवळा होतो, चार टर्न (खेळातल्या फेऱ्या, प्रत्येकी अर्ध्या वर्षाची) गेल्या की पुन्हा लाल. शेवटी वैतागून आपण आपला सर्वांत तालेवार सेनापती तिथे नेऊन बसवतो. शहर काही वर्षे शांत राहते, पण तो सेनापती हळूहळू दारुडा, आळशी किंवा लाचखाऊ होतो आणि शहर पुन्हा पेटते.

या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत असे समजून त्यांवर वेगवेगळे उपाय करणे, ही माझी बरीच वर्षे चाललेली चूक होती. माझ्या मते रोग एकच आहे. शहराच्या हिशेबातील तूट आपण माणसाच्या प्रभावाने भरून काढतो, आणि त्या भरपाईत शहरही सुधारत नाही व माणूसही बिघडतो.

पुढील उदाहरणे खेळातील तीन रोमन घराण्यांपैकी स्किपिओ घराण्याच्या मोहिमेतील आहेत. इसवी सन पूर्व २७० मध्ये या घराण्याकडे कापुआ आणि मेस्साना ही दोनच शहरे असतात, पुढे सिसिलीतून कार्थेजकडे जाणे ओघानेच येते, आणि कार्थेज हे या दुखण्याचे माहेरघर आहे. ब्रुटी किंवा जुली घराण्याने खेळत असाल तर शहरांची नावे बदलतील, हिशेब बदलणार नाही.

आधी तपशिलाचा कागद उघडा

शहराचा चेहरा लाल दिसला की लगेच सैनिक भरती करण्याचा मोह आवरावा आणि त्या शहराच्या तपशिलाचा कागद उघडावा. तिथे सुव्यवस्थेच्या ओळीत कमी-अधिक करणारी लहान चित्रे मांडलेली असतात. त्यातले प्रत्येक चित्र म्हणजे ५ टक्के सुव्यवस्था, आणि लोकसंख्यावाढीच्या ओळीत प्रत्येक चित्र म्हणजे अर्धा टक्का वाढ. सुव्यवस्था ७० टक्क्यांच्या खाली गेली की दंगलीची टांगती तलवार सुरू होते. उणे बाजूला बहुतेक वेळा चारच गुन्हेगार सापडतात : बकालपणा (गर्दीमुळे होणारी घाण आणि दुरवस्था), राजधानीपासूनचे अंतर, परकी संस्कृती आणि शत्रूच्या हेरांनी पेरलेली अस्वस्थता. यांपैकी कोणाचा वाटा सर्वांत मोठा आहे हे मोजल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला बाण होय.

हेरांचा बंदोबस्त सर्वांत सोपा आहे. आपला एक अनुभवी हेर त्या शहरात कायम बसवून ठेवला की परक्या हेरांना पकडण्याची शक्यता वाढते. अंतराचा प्रश्नही वाटतो तेवढा अवघड नाही, कारण राजधानी हलवता येते ही गोष्ट अनेक जण शंभर टर्न खेळूनही पाहत नाहीत. स्किपिओ घराणे आफ्रिकेत शिरले तरी राजधानी कापुआलाच ठेवणे हे केवळ सवयीने घडते. साम्राज्याच्या मध्याजवळचे एखादे शहर, माझ्या मोहिमेत बहुधा सिराक्यूज, राजधानी केले की आफ्रिकेतील सगळ्या शहरांच्या ओळीतून दोनतीन उणे चित्रे एका क्षणात नाहीशी होतात. शिवाय भ्रष्टाचाराने गळणारे उत्पन्नही कमी गळते, कारण तेही अंतराशीच बांधलेले आहे.

परक्या संस्कृतीचा दंड मुख्यतः कारभाराच्या इमारतीवर अवलंबून असतो. जिंकलेल्या शहरातील कार्थेजी राजवाड्याच्या पुढची पायरी आपण बांधली की ती रोमन होते आणि दंड उतरतो. परकी देवळे पाडून आपली उभारल्यानेही फरक पडतो. मात्र शहर आधीच २४,००० लोकसंख्येच्या वरच्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर पोहोचलेले असताना तुम्ही ते घेतले, तर बांधायला पुढची पायरीच उरत नाही आणि तो दंड कायमचा मानगुटीवर बसतो. म्हणून कार्थेज, अलेक्झांड्रिया किंवा अँटिओक अशी शहरे घ्यायचीच असतील तर ती लवकर घ्यावीत. ‘अजून सैन्य जमवू’ म्हणत घालवलेली वीस वर्षे पुढे शंभर वर्षे छळतात.

बकालपणाचे गणित

खरा गुंता बकालपणाचा आहे आणि इथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. बकालपणा लोकसंख्येबरोबर वाढतो आणि दोन ठिकाणी वजा होतो : एकदा लोकसंख्यावाढीतून आणि एकदा सुव्यवस्थेतून. याचा अर्थ असा, की शहर वाढत राहते, वाढता वाढता बकालपणा चढत जातो, आणि ज्या क्षणी बकालपणाने होणारी घट ही शेती, व्यापार, आरोग्य वगैरेंनी होणाऱ्या वाढीएवढी होते, त्या क्षणी वाढ शून्यावर येऊन थांबते. हौदात नळ जितका मोठा, तितके पाणी वरपर्यंत चढणार, असाच हा प्रकार आहे. म्हणजेच प्रौढ शहरातील बकालपणा किती असेल हे लोकसंख्या ठरवत नाही, तर तुम्ही त्या शहराला दिलेल्या वाढीच्या कारणांची बेरीज ठरवते. वाढीची जितकी अधिक चित्रे तुम्ही बांधाल, तितकी अधिक बकालपणाची चित्रे काही दशकांनी सुव्यवस्थेच्या ओळीत येऊन बसतील.

हे एकदा लक्षात आले की नेहमीचे सल्ले उलटे दिसू लागतात. ‘शहर बकाल झाले आहे, गटारे आणि स्नानगृहे बांधा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. आरोग्याच्या इमारती सुव्यवस्था वाढवतात हे खरेच आहे, पण त्या लोकसंख्यावाढही वाढवतात. त्यामुळे पहिली काही वर्षे शहर शांत होते, मग लोकसंख्या वर सरकते, बकालपणा तेवढाच पुढे येतो आणि मिळवलेला फायदा जवळजवळ सगळा परत जातो. गटारे बांधूच नयेत असे माझे म्हणणे नाही. लोक वाढले की करही वाढतो, आणि लहान शहर लवकर मोठे करायचे असेल तर ती हवीतच. मात्र आधीच पेटलेल्या शहरावर तो औषधाचा नव्हे, वेळ काढण्याचा उपाय आहे हे जाणून बांधावीत.

टिकाऊ फायदा देतात त्या वाढ न करता सुव्यवस्था देणाऱ्या गोष्टी : कायदा आणि आनंद वाढवणारी देवळे, रंगभूमी, आखाडे. स्किपिओ घराण्याला सॅटर्न, व्हल्कन आणि नेपच्यून ही तीन दैवते मिळतात. त्यांपैकी व्हल्कनची शस्त्रे आणि नेपच्यूनची जहाजे कितीही आकर्षक वाटली तरी मोठ्या, दूरच्या शहरांत मी डोळे मिटून सॅटर्नच बांधतो, कारण त्याच्याबरोबर येणारा कायदा भ्रष्टाचारालाही आळा घालतो. जुली घराण्याच्या खेळाडूंनी सेरीसच्या देवळाबाबत विशेष सावध राहावे. ती सुगीची देवता लोकसंख्यावाढ करते, आणि ज्या शहराला श्वास घ्यायला जागा नाही तिथे सुगी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे.

शेतीच्या सुधारणांबाबत एकच पक्का नियम पाळावा. प्रत्येक पायरी अर्धा टक्का वाढ जोडते आणि शेती एकदा बांधली की पाडता येत नाही. देऊळ चुकले तर पाडता येते, शेती चुकली तर ती मोहिमेच्या अंतापर्यंत, म्हणजे इसवी सन १४ पर्यंत, तुमच्याबरोबर चालते. सिसिली आणि नाईलकाठच्या मुळातच सुपीक प्रांतांत पहिल्या दोन पायऱ्यांच्या पुढे जाण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

करांच्या बाबतीतही सवय बदलावी लागते. शहर अस्वस्थ झाले की कर उतरवणे ही सहजप्रवृत्ती असते, आणि त्या टर्नला ती बरोबरही ठरते, पण कमी कर लोकसंख्यावाढीला हात देतो. लहान शहराला ६,००० किंवा १२,००० चा टप्पा गाठायचा असताना कर कमी ठेवावा, आणि शहर हव्या त्या आकाराला आले की तो चढवावा. वाढ रोखण्याचा हा एकमेव उपाय असा आहे की त्याचे पैसे आपल्यालाच मिळतात.

मारियसच्या सुधारणांसाठी (रोमन सैन्याच्या नव्या, अधिक चांगल्या तुकड्या खुल्या होण्याचा टप्पा) इटलीत एक तरी शहर २४,००० च्या वर नेऊन तिथे शेवटचा राजप्रासाद बांधावा लागतो, त्यामुळे सगळ्याच शहरांना वाढू दिले पाहिजे असा एक समज आहे. एकच शहर पुरे. माझ्याकडे ते कापुआ असते, कारण रोमन संस्कृतीचे असल्याने तिथे परका दंड नसतो आणि त्याचा बकालपणा सोसता येतो. बाकी शहरे १२,००० च्या आसपास सुखी असतात, त्यांना तिथेच राहू द्यावे.

लोकसंख्या उतरवण्याचे दोन मार्ग

जे शहर आधीच फुगले आहे तिथे शेतकऱ्यांच्या तुकड्या भरती करणे हा पहिला मार्ग आहे. भरती केलेला प्रत्येक माणूस लोकसंख्येतून वजा होतो. सैन्याचा आकार नेहमीच्या मापावर असेल तर एका तुकडीत ६० शेतकरी असतात, सर्वांत मोठ्या मापावर २४०, आणि हा फरक मोठा आहे. ही तुकडी जहाजाने एखाद्या लहान, रिकाम्या शहरात नेऊन तिथे विसर्जित केली की तेवढी माणसे त्या शहरात जमा होतात. रोमन लोक प्रत्यक्षातही गर्दीच्या इटलीतून वसाहती वसवण्यासाठी माणसे बाहेर पाठवत असत, त्यामुळे ही युक्ती खेळातली असली तरी अगदीच खोटी वाटत नाही. काही तुकड्या तिथेच शिबंदी म्हणून ठेवल्या तरी चालते, कारण शिबंदीचा धाक सैनिकांच्या संख्येवर मोजला जातो, त्यांच्या दर्जावर नाही. शहरात महागडी लेजियन (रोमचे कसलेले पायदळ) बसवून ठेवणे म्हणजे पैशांची निव्वळ उधळपट्टी आहे.

दुसरी गोष्ट गुलामांची, आणि इथे सेनापतींचा प्रश्न शहराच्या प्रश्नाला येऊन भिडतो. शहर जिंकल्यावर तुम्ही लोकांना गुलाम करण्याचा पर्याय निवडला तर निम्मी लोकसंख्या उचलली जाते आणि ज्या शहरांत गव्हर्नर (कारभारासाठी बसवलेले सेनापती) आहेत त्यांच्यात वाटली जाते. आता विचार करा : तुमचा सर्वांत प्रभावी माणूस कुठे बसला आहे? पेटलेल्या कार्थेजमध्ये. म्हणजे शांतता राखण्यासाठी ज्याला तिथे बसवले, त्याच्याच पाठोपाठ नवे हजारो लोक तिथे येऊन पडतात. यावर उपाय साधा आहे. शहर घेण्याच्या टर्नला, निर्णय देण्यापूर्वी, गर्दीच्या शहरांतील गव्हर्नर वेशीबाहेर काढावेत आणि ज्या लहान शहरांना माणसे हवी आहेत तिथेच ते असतील अशी व्यवस्था करावी.

माणूस शहरात का सडतो

गव्हर्नरच्या प्रभावाचा प्रत्येक अंक शहराला ५ टक्के सुव्यवस्था देतो. दहापैकी सात-आठ प्रभावाचा माणूस म्हणजे ३५-४० टक्के, म्हणजे दोन मोठ्या देवळांइतके बळ, आणि म्हणूनच त्याला तिथून हलवण्याचे धाडस होत नाही. पण त्याच्या गुणदोषांची तपासणी बहुतेक टर्न संपताना होते, आणि तेव्हा तो शहराच्या आत आहे की बाहेर, शहरात कोणत्या इमारती आहेत, खजिन्यात किती पैसा आहे, या गोष्टी पाहिल्या जातात. हे अंदाज नव्हेत. गुणदोषांचे नियम खेळाच्या डेटा फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले आहेत आणि ज्याला चिकाटी आहे त्याला ते वाचता येतात.

त्यातला सर्वांत घातक नियम खजिन्याचा आहे. घराण्याकडे ५०,००० दिनारी शिल्लक साचली की शहरात बसलेल्या माणसांना चैन आणि भ्रष्टाचाराची बाधा होऊ लागते. मी एका मोहिमेत दोन लाखांवर पैसा साठवून ठेवला होता आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा नालायक का निघते याचे उत्तर शोधत होतो. उत्तर पडद्याच्या कोपऱ्यातच होते. पैसा इमारतींत, जहाजांत, शांततेच्या मोबदल्यात, कशातही घालावा, पण तो पडून राहू देऊ नये.

हा नियम बनवणाऱ्यांना सिसिलीचा इतिहास ठाऊक असावा, असे मला नेहमी वाटते. इसवी सन पूर्व ७३ ते ७१ या काळात व्हेरेस नावाचा गव्हर्नर त्या बेटावर होता. त्याने केलेल्या लुटीबद्दल इसवी सन पूर्व ७० मध्ये सिसेरोने त्याच्यावर खटला चालवला आणि निकाल लागण्याआधीच व्हेरेस मासिलियाला निघून गेला. श्रीमंत प्रांत आणि विचारणारे कोणी नाही, एवढ्या दोन गोष्टी तेव्हाही पुरल्या होत्या.

दुसरे कारण देवळांचे. जुली घराण्याचे बॅकसचे देऊळ आनंद भरपूर देते, पण तिथे बसणाऱ्या गव्हर्नरला दारूची सवय लागण्याचा धोका असतो. ज्या शहरात ते बांधाल तिथे सेनापती बसवू नका आणि जिथे सेनापती बसवाल तिथे ते बांधू नका, इतकी सरळ वाटणी करावी. याउलट अकादमी, मग स्क्रिप्टोरियम आणि मग लुडस मॅग्ना ही शिक्षणाच्या इमारतींची मालिका चांगले गुण आणि चांगले सोबती (वैद्य, शिक्षक अशी त्याला मदत करणारी माणसे) मिळण्याची शक्यता वाढवते. अशी मालिका प्रत्येक शहरात बांधण्याची गरज नाही. एक सुखी, आटोपशीर, राजधानीजवळचे शहर विद्यापीठ म्हणून राखून ठेवावे आणि सोळाव्या वर्षी वयात आलेला प्रत्येक मुलगा आधी तिथे पाठवावा.

गव्हर्नर शहरात असताना इमारत पूर्ण झाली तर त्याला कारभाराचे गुण मिळण्याची संधी असते. म्हणून माणूस शहरात असेल तेव्हा बांधकामाची रांग भरलेली ठेवावी आणि रांग संपत आली की माणूस बाहेर काढावा. माझा बेत साधारण असा असतो : तीन ते चार वर्षे, म्हणजे सहा ते आठ टर्न, बांधकाम चालू असलेल्या शहरात, आणि नंतर निदान तेवढाच काळ मैदानात. लढाई नसेल तर सीमेवर टेहळणीचा बुरूज बांधायला पाठवले तरी चालेल. महत्त्वाचे इतकेच की टर्न संपताना तो वेशीच्या आत नसावा.

तरुण सेनापतीला घडवताना होणारी एक चूक विशेष सांगण्यासारखी आहे. आपण त्याला अनुभवी माणसाच्या सैन्यात घालतो, म्हणजे ‘शिकेल’. पण एका सैन्यात दोन सेनापती असले की नेतृत्व अधिक ताऱ्यांच्या (तारे म्हणजे युद्धनेतृत्वाचे गुण) माणसाकडे जाते आणि विजयाचे श्रेयही त्यालाच मिळते. धाकट्याला वेगळे काढून, पुरेशी फौज देऊन, रस्त्यावर माजलेल्या बंडखोरांच्या लहान टोळ्यांवर सोडावे. अशा टोळ्या आपण कटकट समजतो, पण पहिले दोन-तीन तारे मिळवण्याची याहून स्वस्त शाळा नाही. लढाईतून माघार घेण्याची सवय मात्र त्याला लावू नये, कारण भित्रेपणाचा डाग लागला की तो सैन्याच्या धैर्यावरही पडतो.

सोबत्यांची अदलाबदल हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एका माणसाबरोबर जास्तीत जास्त आठ सोबती राहू शकतात, आणि दोन सेनापती एकाच सैन्यात किंवा एकाच शहरात असतील तर त्यांपैकी बरेच सोबती एकाकडून दुसऱ्याकडे देता येतात. साठी ओलांडलेला म्हातारा कधीही जातो आणि त्याच्याबरोबर त्याने तीस वर्षांत जमवलेले वैद्य, शिक्षक, हिशेबनीस सगळे जातात. त्याला वेळीच विद्यापीठाच्या शहरात बोलावून घ्यावे आणि ही मंडळी नातवांकडे सोपवावीत. कारभाराची माणसे कारभाऱ्याकडे आणि रणांगणाची माणसे सेनानीकडे द्यावीत. सगळ्यांना थोडे थोडे वाटल्याने कोणाचेच भले होत नाही.

आता प्रश्न उरतो की गव्हर्नर काढून घेतल्यावर शहर कोण चालवणार. मोहीम सुरू करतानाच सर्व शहरांचा कारभार स्वतः पाहण्याच्या पर्यायावर खूण केली असेल तर काहीच अडत नाही. ती केली नसेल तर गव्हर्नर नसलेली शहरे संगणकाच्या ताब्यात जातात आणि नको तिथे शेती वाढवली जाण्याची भीती राहते. नवी मोहीम सुरू करणाऱ्यांनी ती खूण आधी पाहावी, मग पहिली टर्न खेळावी.

काहीच लागू पडले नाही तर

काही शहरे अशी असतात की सगळे करूनही हिशेब जुळत नाही : दूर, परकी, शेवटच्या पायरीवर पोहोचलेली आणि आधीच्या मालकाने शेती कमाल वाढवून ठेवलेली. तिथे शेवटचा उपाय म्हणजे बंड होऊ देणे. शिबंदी आणि माणसे बाहेर काढावीत, कर सर्वांत वरच्या पायरीवर न्यावा, पुन्हा बांधायला सोप्या असलेल्या सैनिकी इमारती पाडून पैसे घ्यावेत आणि वेढ्याची तयारी असलेले सैन्य वेशीबाहेर उभे ठेवावे. शहर हातातून गेले की ते परत जिंकून कत्तलीचा पर्याय निवडला की तीन चतुर्थांश लोकसंख्या नाहीशी होते आणि बकालपणा कोसळतो. बंडखोरांना मिळणारे सैन्य कधी कधी अपेक्षेपेक्षा तगडे निघते, म्हणून बाहेरची फौज नावापुरती नसावी. उपाय अचूक आहे, तरी तो करताना मला आजही अवघडल्यासारखे होते, आणि म्हणूनच तो मी यादीच्या तळाशी ठेवतो.

सध्याच्या मोहिमेत कार्थेजवर ही वेळ एकदाच आली. आता तिथे नऊ-दहा हजार लोक आहेत, सॅटर्नचे देऊळ आहे, कर चढा आहे, शेतकऱ्यांच्या सहा तुकड्यांची शिबंदी आहे आणि गव्हर्नर नाही. पूर्वी तिथे बसून राहिला असता असा माणूस यंदाच्या हिवाळ्यात सिर्ताच्या वाटेवर एका टोळीचा पाठलाग करतो आहे, आणि त्याच्याबरोबर आजोबांकडून आलेला वैद्य आहे.